गिम्प २.१० सोडून ३.० घ्यावं का? काही महिने वापरल्यावरचं मत

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यायची की नाही, यात एवढा विचार कसला करायचा, असं कुणीही म्हणेल. पण गिम्प या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरचा हिशोब पैशांचा नाहीच. हाताला बसलेल्या सवयी, जमवलेली प्लगइनं (वरून जोडायच्या जास्तीच्या सोयी) आणि जुन्या फायली, खर्च होतो तो यांचा. २.१० आली एप्रिल २०१८ मध्ये आणि ३.० आली मार्च २०२५ मध्ये. जवळजवळ सात वर्षं एकाच आवृत्तीवर काम केलं की मेनू शोधावे लागत नाहीत, बोटं आपोआप तिथे जातात. त्यामुळे ३.० आल्या आल्या मी घाई केली नाही. सुरुवातीच्या एक-दोन दुरुस्त्या येऊ दिल्या आणि मग टाकली.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण माझं मत त्यावरच उभं आहे. जुने छापील फोटो स्कॅन करून दुरुस्त करणं आणि पुस्तकांसाठी फोटो छपाईला तयार करून देणं, एवढंच मी करते. रॉ फायली, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या प्रक्रिया न केलेल्या फायली, माझ्याकडे क्वचित येतात. गिम्प त्या स्वतः उघडतही नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपी या रॉसाठीच्या सॉफ्टवेअरकडे पाठवतो, आणि हे ३.० मध्येही तसंच आहे. ज्यांचं सगळं काम रॉवर चालतं त्यांनी ३.० कडून त्या बाबतीत काही वेगळी अपेक्षा ठेवू नये.

आता मुख्य गोष्ट. ३.० मध्ये फिल्टर, म्हणजे रंग, उजेड किंवा धारेतला एखादा बदल, लावला की तो पिक्सेलवर कायमचा बसत नाही. कर्व्हज, लेव्हल्स, कलर बॅलन्स, ब्लर, शार्पन, काहीही लावा, लेयरच्या, म्हणजे चित्राच्या एका थराच्या, ओळीत एफएक्सचं छोटं चिन्ह येतं. त्यावर क्लिक केलं की लावलेल्या फिल्टरची यादी उघडते. डोळ्याच्या चिन्हाने एखादा बंद करता येतो, क्रम वरखाली करता येतो, आणि एडिट म्हटलं की तोच डायलॉग आपण दिलेल्या आकड्यांसकट परत समोर येतो. फाइल गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात सेव्ह करून बंद केली आणि आठवड्याने उघडली तरी यादी जशीच्या तशी असते.

कागदावर ही फार मोठी गोष्ट वाटत नाही. इतर सॉफ्टवेअरमध्ये असं काही वर्षानुवर्षं आहे, हेही खरं. पण माझ्या कामात फरक कुठे पडला ते बघा. पिवळा पडलेला एक ग्रुप फोटो घ्या. आधी कलर बॅलन्सने पिवळेपणा कमी केला, मग कर्व्हजने उठाव आणला, शेवटी हलकं शार्पन केलं. फोटो पाठवला आणि निरोप आला: "मागच्या रांगेतले चेहरे फारच पांढरे झालेत हो, जरा कमी करा ना." २.१० मध्ये अशा वेळी दोनच रस्ते होते. प्रत्येक पायरीची लेयर कॉपी करून ठेवायची आणि फाइल फुगवत न्यायची, नाहीतर कर्व्हजपासून पुढचं सगळं परत करायचं. आता मी एफएक्स उघडते, कर्व्हजचा वरचा बिंदू किंचित खाली ओढते आणि परत एक्सपोर्ट करते. शार्पन त्याच्यावर आपोआप नव्याने लागतं.

म्हणून कुणी विचारलं, की अपग्रेड करू का, तर मी उलट एकच विचारते: तुमची कामं परत येतात का? एका बैठकीत फोटो उघडायचा, कापायचा, उजळवायचा, जेपीईजी काढायची आणि विसरून जायचं, असं असेल तर २.१० मध्ये तुमचं काहीच अडत नाही. "जरा हे बदला" ऐकावं लागत असेल, तर मात्र ३.० न घेण्याला माझ्या मते फारसं कारण उरत नाही.

अर्थात यात काही खाचाखोचा आहेत आणि त्या वापरल्याशिवाय लक्षात येत नाहीत. सगळेच फिल्टर असे सुटे राहत नाहीत. बाहेरच्या प्लगइनमधले आणि जुन्या पद्धतीने लिहिलेले काही फिल्टर अजूनही थेट पिक्सेलवरच चालतात. शिवाय प्रत्येक डायलॉगमध्ये मर्ज फिल्टर असा एक चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण असेल तर फिल्टर लगेच लेयरमध्ये विरघळतो, अगदी जुन्यासारखा. मला तो कधीकधी मुद्दाम लागतो, पण ओके दाबण्याआधी तिकडे एकदा नजर टाकलेली बरी.

दुसरी खाच डाग काढण्याची. स्कॅनवरचे डाग, सुरकुत्या, घड्या आपण सहसा वर एक रिकामी लेयर घेऊन, सॅम्पल मर्ज्ड (दिसणाऱ्या सगळ्या लेयरमधून रंग उचलणं) चालू ठेवून हील या डाग बुजवणाऱ्या ब्रशने काढतो, म्हणजे मूळ स्कॅनला हात लागत नाही. ही पद्धत उत्तमच आहे. पण खालच्या लेयरवर कर्व्हज आधीच लावलेला असेल, तर हील ब्रश त्या बदललेल्या रंगाचे पिक्सेल उचलतो. पुढे कर्व्हज सैल केला की खालचा फोटो बदलतो आणि वरची ठिगळं जुन्याच रंगात राहतात. उजळ आकाशात ती लगेच डोळ्यात भरतात. यावर उपाय आहे. स्कॅन आणि हीलची लेयर एका ग्रुपमध्ये टाकायची, फिल्टर ग्रुपवर लावायचे, आणि डाग काढताना त्या फिल्टरचे डोळे बंद ठेवायचे. डोळे उघडे ठेवून हील केलं तर ठिगळावर फिल्टरचा परिणाम दोनदा होतो. काम संपलं की डोळे उघडायचे. मग फोटो आणि ठिगळं दोन्ही बरोबरच बदलतात.

डोळे बंद ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे वेग. मोठ्या स्कॅनवर चारपाच फिल्टर लावलेले असतील, तर ब्रशच्या प्रत्येक फटक्याला गिम्प सगळा हिशोब नव्याने मांडतो आणि ब्रश रेंगाळतो. माझं मशीन काही फार दमदार नाही, त्यामुळे मला हे जास्त जाणवतं.

स्वतंत्र ॲडजस्टमेंट लेयर, म्हणजे खालच्या लेयरचे फक्त रंग-उजेड बदलणारी लेयर, मात्र ३.० मध्ये नाही, आणि मला ती हवी होती. ग्रुपवर फिल्टर लावून बरंचसं भागतं. सिलेक्शन करून फिल्टर लावला तर तो तेवढ्याच भागावर लागतो, हेही ठीक. पण नंतर त्या भागाची कड ब्रशने कमीजास्त करायची म्हटलं तर अडतं. फक्त चेहरा उजळायचा असेल तर मी अजूनही लेयरची कॉपी घेते, तिच्यावर फिल्टर लावते आणि लेयर मास्कने बाकीचं झाकते. जुनाच मार्ग, फक्त फिल्टर आता बदलता येतो.

बाकी बदलांमधला एक मला मनापासून आवडला. पेस्ट केलं की ते आता सरळ नवी लेयर होऊन येतं. ते अधांतरी लटकणारं फ्लोटिंग सिलेक्शन आणि त्याला अँकर करत, म्हणजे लेयरला चिकटवत बसणं, या प्रकाराने नवशिक्यांना जेवढं छळलंय तेवढं गिम्पमधल्या दुसऱ्या कशानेच छळलं नसेल. एकाच वेळी अनेक लेयर निवडता येतात आणि एकदम हलवता येतात. त्यामुळे लेयर जोडणारी जुनी साखळी गेली. पहिले काही दिवस माझा हात तिकडेच जायचा. ब्रश लेयरच्या कडेबाहेर गेला तर लेयर आपोआप वाढवण्याची सोयही आली आहे. फोटोवर देवनागरी मथळा टाकायचा असेल तर अक्षरांना बाहेरून रेघ आता टेक्स्ट टूलमधूनच देता येते, त्यासाठी पाथ काढावा लागत नाही, आणि मजकूर पुढेही सुधारता येतो.

जास्त रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर आयकॉन आता नीट मोठे दिसतात. आतली जीटीकेची, म्हणजे खिडक्या-बटणं काढणाऱ्या साधनसंचाची, दुसरी आवृत्ती बदलून तिसरी घातल्याचा हा परिणाम. गंमत म्हणजे जीटीके जन्मली गिम्पसाठीच, तिच्या नावातला जी गिम्पचा, आणि तिच्या नव्या आवृत्तीवर यायला गिम्पलाच एवढी वर्षं लागली. छपाईवाल्यांसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील ते स्क्रीनवर पाहणं, सुधारलं आहे आणि सीएमवायकेमध्ये एक्सपोर्टही करता येतं. पण काम करताना प्रतिमा आरजीबीमध्येच, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतच असते. छापखान्याने दिलेलं प्रोफाइल लावून रंग कुठे मरतात ते आधी दिसतं, एवढं मला पुरतं.

आता प्लगइनचं. २.१० साठी लिहिलेली प्लगइनं ३.० मध्ये चालत नाहीत. पायथनमध्ये लिहिलेली तर पायथन २ ची होती आणि तिची देखभाल २०२० च्या सुरुवातीलाच थांबली होती, ३.० ला पायथन ३ लागते. गिम्पच्या स्क्रिप्ट-फूमध्ये लिहिलेल्या लहान स्क्रिप्ट थोड्या दुरुस्तीने चालू होतात, पण ती दुरुस्ती कुणीतरी करावी लागते. जीमिक हे फिल्टरांचं मोठं प्लगइन गिम्प ३.० साठी मिळतं, त्यामुळे त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांची सोय झाली. माझं एक बॅच प्रोसेसिंगचं प्लगइन मात्र मागेच राहिलं. ढीगभर फोटो एकसारखे लहान करून त्यांची नावं बदलायला मी तेच वापरायची. केलेल्या पायऱ्या रेकॉर्ड करून परत चालवायची सोय ३.० मध्येही नाही, त्यामुळे ही उणीव जास्तच जाणवते.

सुदैवाने दोन्ही आवृत्त्या एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहतात. प्रत्येकीचं सेटिंगचं फोल्डर वेगळं असतं. ३.० पहिल्यांदा उघडताना २.१० मधले ब्रश आणि शॉर्टकट स्वतःकडे आणते, आणि २.१० चं काही बिघडत नाही. म्हणून बॅचची कामं मी अजून २.१० मध्ये करते आणि एकेक फोटोचं काम ३.० मध्ये.

फक्त एक्ससीएफ फायलींकडे लक्ष ठेवा. जुनी फाइल ३.० मध्ये बिनदिक्कत उघडते. उलट दिशेने तसं नाही. ३.० मध्ये सुटे फिल्टर ठेवून सेव्ह केलेली फाइल २.१० उघडायलाच नकार देते. नवीन काहीच वापरलं नसेल तर ३.० शक्य तितक्या जुन्या रचनेत सेव्ह करते आणि फाइल चालून जाते, पण कोणत्या फायलीत काय वापरलं ते कोण लक्षात ठेवणार? मी ३.० च्या फायलींचं फोल्डर वेगळं केलंय, आणि ज्यांना माझी फाइल पुढे उघडायची असते त्यांच्याकडे कोणती आवृत्ती आहे ते आधी विचारते. २.१० असेल तर एक प्रत काढून तिच्यात सगळे फिल्टर मर्ज करते आणि तीच पाठवते.