सीसीएनपी आधी की पायथन आधी?

नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरात, म्हणजे आपल्या नॉकमध्ये, दोन-अडीच वर्षं काढली की आधी सीसीएनपी हे सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीचं प्रमाणपत्र घ्यावं की पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी, हा प्रश्न येतोच. रात्रपाळीला लिंक डाऊनचं तिकीट उघडायचं, सर्व्हिस प्रोव्हायडरला फोन लावायचा, लिंक आली की तिकीट बंद. यातलं बरंच काम आता स्क्रिप्टच करते. अलार्म वाजला की तिकीट आपोआप उघडतं, इंटरफेसची अवस्था आणि शेवटचे लॉगही त्यात चिकटवलेले मिळतात. या खुर्चीवर फार काळ बसता येणार नाही हे दिसतंच आहे. उठून जायचं कुठे, एवढंच ठरवायचं.

एक वाट सीसीएनपी एंटरप्राइझची. एन्कोर ही मुख्य परीक्षा आणि सोबत आवडीची एक. राउटिंगवाले सहसा एनार्सी घेतात. नोकरी सांभाळून आठ-दहा महिने धरा, आणि घरी लॅब चालवायला निदान १६ जीबी रॅमचा लॅपटॉप. दुसरी वाट पायथन, गिट (फायलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन), अ‍ॅन्सिबल (अनेक उपकरणांवर एकदम कॉन्फिग टाकणारं साधन) आणि एपीआयची (प्रोग्रॅमने उपकरणाशी बोलायची सोय). त्याला साधा लॅपटॉपही पुरतो. सिस्कोने फेब्रुवारी २०२० मध्ये यासाठी डेव्हनेट नावाची प्रमाणपत्रं काढली. फेब्रुवारी २०२६ पासून त्यांची नावं सीसीएनए ऑटोमेशन, सीसीएनपी ऑटोमेशन अशी झाली. बरं झालं, डेव्हनेट म्हणजे काय हे एचआरला समजावण्यातच मुलाखतीची पाच मिनिटं जायची.

अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघा. सीसीएनए या सिस्कोच्या पायाभूत परीक्षेत ऑटोमेशनला १० टक्के गुण, तर सीसीएनए ऑटोमेशनमध्ये (आधीचं डेव्हनेट असोसिएट) नेटवर्किंगच्या मूलभूत गोष्टींना १५ टक्के. म्हणजे कुठलीही एक परीक्षा दिली तरी दुसरी बाजू कच्चीच राहते.

त्या कच्चेपणाची किंमत मी मोजलेली आहे. एका ग्राहकाच्या साठेक शाखांमध्ये सीसीटीव्हीसाठी व्हीलॅन १२० (म्हणजे त्याच स्विचवरचं एक वेगळं नेटवर्क) टाकायचा होता. हाताने करायचं तर एकेका स्विचला लॉगिन, ट्रंक पोर्ट (अनेक व्हीलॅन वाहून नेणारा), कमांड, सेव्ह. रात्रभराची चेंज विंडो त्यातच जाणार. मी नेटमिको ही पायथनची लायब्ररी वापरून स्क्रिप्ट लिहिली आणि एकाच वेळी पाच स्विचवर सोडली. कमांड होती ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १२०’. मधला ‘अ‍ॅड’ राहिला होता. त्या एका शब्दावाचून स्विच जुनी यादी पुसतो आणि फक्त १२० ठेवतो. ज्यावरून स्विचला लॉगिन करतो तो मॅनेजमेंटचा व्हीलॅनही गेला, पाचही शाखा अंधारात. नशीब, सेशन तुटल्यामुळे सेव्हची कमांड पोचलीच नव्हती. शाखेतल्या वॉचमनना झोपेतून उठवून स्विचची पॉवरची वायर काढून परत लावायला सांगितली, तेव्हा जुना कॉन्फिग परत आला. पायथनच्या दृष्टीने स्क्रिप्टमध्ये एकही चूक नव्हती.

मोठ्यांचंही असंच होतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांचा बॅकबोन, म्हणजे डेटा सेंटर एकमेकांना जोडणारं नेटवर्क, तुटला. अशी कमांड अडवणारं तपासणीचं टूल होतं, पण त्यातच बग निघाला. मग डीएनएस सर्व्हरांनी (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) आपले बीजीपी मार्ग, म्हणजे आपल्यापर्यंत कसं पोचायचं ही इंटरनेटला दिलेली माहिती, मागे घेतले आणि शेवटी इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं. अशा वेळी डीएनएस सर्व्हर बीजीपी मार्ग का मागे घेतो हे कळणारा माणूस लागतो. तो सीसीएनपीच्या वाटेवर तयार होतो.

पण फक्त कमांड लाइनवर जगणाऱ्याचे दिवस खरंच कमी होत आहेत. एसडी-वॅन (शाखांचं नेटवर्क मध्यवर्ती सॉफ्टवेअरवरून चालवणं) आलं तिथे शाखेचा राउटर कंट्रोलरच्या टेम्प्लेटवरून कॉन्फिगर होतो, क्लाउडमधलं नेटवर्क टेराफॉर्म या साधनाच्या फायलीत लिहिलं जातं. एल-थ्रीच्या, म्हणजे वरच्या पातळीवरच्या इंजिनिअरच्या, मुलाखतीत बीजीपीचा मार्ग कसा निवडला जातो हे विचारून झालं, की समोर जेसनचा (डेटा लिहायची एक ठरलेली पद्धत) तुकडा ठेवतात आणि ‘यातून डाऊन इंटरफेस काढून दाखवा’ म्हणतात. रात्रीच्या फोनचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखंच. बदल आपोआप टाकणारी पाइपलाइन तुमची असेल तर फोनही तुम्हालाच येतो.

तर माझा कौल असा: अनुभव तीन वर्षांहून कमी असेल तर एन्कोर आधी. ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलचा शेजारी राउटर एक्सस्टार्ट या जोडणीच्या मधल्या टप्प्यात का अडकला हे स्वतः शोधता येत नसेल, तर अ‍ॅन्सिबल तुमची चूक फक्त जास्त वेगाने पसरवेल. सहा-सात वर्षं झाली असतील, राउटिंग अंगवळणी पडलं असेल, तर आणखी एक राउटिंगची परीक्षा नको. सरळ पायथन-अ‍ॅन्सिबल घ्या. मधल्यांनी आपल्या कंपनीत काय चालतं ते बघावं. आणि क्लास लावणार असाल तर स्विच कुठला देतात ते आधी विचारा. पाच वीकेंड नुसते लूप आणि प्रिंट शिकवून ‘नेटवर्क ऑटोमेशन’चं सर्टिफिकेट देणारे कमी नाहीत.

एन्कोरचा अभ्यास चालू असतानाही एक स्क्रिप्ट मात्र लिहाच: रोज रात्री सगळ्या स्विचचा चालू कॉन्फिग उतरवून गिटमध्ये ठेवणारी. ती फक्त वाचते, काही बदलत नाही. सकाळी चहा घेताना काल कुठल्या पोर्टवर काय बदललं ते लाल-हिरव्या ओळींत दिसतं. माझी ही स्क्रिप्ट त्या पाच शाखांच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेली आहे.