नौपाड्यातला वक्तृत्ववर्ग: शिकवणी उत्तम, जाहिरात चुकीची

ठाण्यात मुलांसाठी वक्तृत्वाचा वर्ग शोधत असाल तर गोखले रोडच्या आतल्या गल्लीतल्या या शनिवारच्या वर्गाला मुलांना जरूर पाठवा, असंच मी सांगेन. तक्रारही लिहिणार आहे, म्हणून नाव देत नाही. नौपाड्यात कुणालाही विचारलंत तरी कळेल. तीन महिन्यांची फी साडेचार हजार.

माझी लेक सातवीत आहे. घरी तिची टकळी अखंड चालू असते, पण शाळेत उत्तर येत असूनही हात वर करत नाही. मी स्वतः मराठीची शिक्षिका, त्यामुळे वर्गात नेमकं काय शिकवतात हे बघायला परवानगी घेऊन मागच्या बाकावर बसत असे.

शिकवणारे दादा राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेले आहेत, आणि ते जाणवतं. सुरुवातीला भाषण नाहीच. आधी नीट उभं राहायचं. दोन्ही पायांवर सारखा भार, श्वास पोटातून, नजर शेवटच्या रांगेवर. थांबायचं, मग फक्त स्वतःचं नाव सांगायचं आणि पुन्हा थांबायचं. नाव सांगून जागेवर पळत सुटण्याची मुलांची खोड इथेच मोडते. त्यानंतर जिभेचे व्यायाम. ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ आधी सावकाश आणि मग भरभर. चाकातला च आणि चंद्रातला च वेगळा उच्चारून घेतात. हल्ली एवढं कोण करतं! पुढे वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचायची, कागद घडी घालून खिशात टाकायचा आणि तीच बातमी आपल्या शब्दांत सांगायची. पाठांतराला वावच नाही. शाळेच्या स्पर्धांत आम्ही पालक-शिक्षक भाषणं लिहून देतो आणि मुलं ती घोकतात, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

शेवटी चिठ्ठीतला विषय. लेकीला ‘लोकलमधली चौथी सीट’ आला. दोन वाक्यं बोलली आणि अडली. पुढच्या मुलांनी कुजबुजत सुचवायला सुरुवात केली, तर दादांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. तिलाही ‘बोल, बोल’ केलं नाही. ती बराच वेळ उभी राहिली. मग तिचं तिला वाक्य सापडलं आणि तिथून शेवटपर्यंत बोलली. तो थांबा तिला मिळू दिला, यासाठी मी या माणसाची ऋणी आहे.

आता तक्रार. पत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘तीन महिन्यांत तुमचं मूल एक्स्ट्रोव्हर्ट!’ प्रवेश अर्जावर दोन चौकोन: मूल इंट्रोव्हर्ट आहे की एक्स्ट्रोव्हर्ट, खूण करा. हे मला अजिबात पटलेलं नाही. हे दोन शब्द रूढ केले स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी, १९२१च्या आपल्या ग्रंथातून. माणसाचं मन मुळात बाहेरच्या जगाकडे ओढ घेतं की स्वतःच्या आत, हा त्यांचा प्रश्न होता. भाषण ठोकता येतं की नाही, हा नव्हता. आजचे मानसशास्त्रज्ञ तर यात दोन कप्पे मानतच नाहीत. ती एक पट्टी आहे, आणि बहुतेक माणसं तिच्या मधल्या भागात कुठेतरी असतात. बुजरेपणा आणखी वेगळा. लोक काय म्हणतील या धास्तीने गप्प बसणं निराळं, आणि चार माणसांपेक्षा एका मैत्रिणीसोबत रमणं निराळं. पहिल्यावर उपाय करावा. दुसऱ्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही.

हा वर्ग खरोखर जे देतो त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, सभाधीट. स्वभावाने अबोल माणूसही सभाधीट असू शकतो. रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेला सरस्वती शाळेच्या पटांगणात बसून मी असे वक्ते ऐकले आहेत, जे व्यासपीठावर तास गाजवतात आणि खाली उतरल्यावर मोजकंच बोलतात. उलट चौकात गप्पांचा फड जमवणारे अनेकजण माईक हातात आला की घामाघूम होतात. सरसकट एक्स्ट्रोव्हर्ट म्हटलं की हे सगळे बारकावे पुसले जातात. आपण बोलकी, धीट, चुणचुणीत, बिनधास्त, वाचाळ असे किती वेगवेगळे शब्द वापरतो! अर्थात तेही न्यायाने वापरतो असं नाही. समोरून प्रश्न विचारणारा मुलगा चुणचुणीत ठरतो आणि तसाच प्रश्न विचारणारी मुलगी आगाऊ. शिक्षकखोलीत हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे आणि दर वेळी चीड येते.

दादांशी बोलले. ते म्हणाले, “ताई, पत्रक संचालक छापून घेतात. मी वर्गात तो शब्द वापरत नाही.” खरंच, त्यांच्या तोंडून तो मी ऐकला नाही. पण अर्ज भरताना मूल शेजारी उभं असतं, आणि आई कुठल्या चौकोनात खूण करते हे ते बघत असतं. मी दोन्ही चौकोन कोरे ठेवले, कुणी हरकत घेतली नाही. तुम्हीही तसंच करा.

बाकी, खोली लहान आहे आणि पावसाळ्यात फार कोंदट होते. मुलांच्या भाषणांचे व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर न विचारता टाकतात. नको असेल तर पहिल्याच दिवशी लेखी सांगा, मग टाकत नाहीत. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होते. पैसे भरण्याआधी एक तास मागे बसून बघू देतात, तेवढा वेळ नक्की काढा.