नवं बाथरूम, नऊ महिने आणि तिसरा वायपर

आज सकाळी वायपर दांड्यापाशी तुटला. नऊ महिन्यांतला हा तिसरा. हातात दांडा आणि पायाखाली पाणी अशा अवस्थेत ठरवलं, आता लिहायचंच.

बाथरूम आठ बाय पाच फूट. दाराजवळ बेसिन, मध्ये कमोड, टोकाला शॉवर. बहुतेकांकडे हेच असतं, त्यामुळे नकाशा वेगळा समजावत नाही. आखणीत मी मात्र तीन महिने घालवले होते. कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून ३८ सेंमीच्या आत येऊ द्यायचा नाही, बेसिनची कड ८५ सेंमीवर हवी, आरशासमोर उभं राहिल्यावर दिवा डोक्यामागे नको. सगळं स्वतः टेप धरून भिंतीवर खडूने आखलं. राहिला एक नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरचं पाणी जायचं जाळीचं तोंड. तो कुठे येणार हे मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलंही नाही. डक्टमधला (पाइप वरून खाली जातात त्या पोकळीतला) पाइप कमोडच्या मागे होता, म्हणून प्लंबरने ट्रॅप तिथेच, कमोडशेजारी बसवला. त्याचा तीन-चार फूट पाइप वाचला.

तेव्हापासून आंघोळ झाली की शॉवरखाली एक तळं उरतं आणि बेसिनपुढे दुसरं. पाणी ट्रॅपकडे जायला मागत नाही. शेवटी भाच्याची गोटी आणून शॉवरखाली ठेवली. ती हलली, कमोडला वळसा घालून सरळ दाराकडे गेली आणि उंबऱ्याला टेकून बसली. तीनदा सोडली, तिन्ही वेळा उंबरा.

मग हट्टाने पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली. शॉवरपासून ट्रॅप चार फुटांवर, म्हणजे साधारण १२०० मिमी. ऐंशीला एक असा ढाळ धरला तर तेवढ्यात १५ मिमी उतार हवा. माझ्याकडे निघाला ४ मिमी. घरातली चार माणसं, प्रत्येकाची रोज दोन मिनिटं वायपर मारण्यात. नऊ महिन्यांचे छत्तीस तास झाले. हा हिशोब मी हिला दाखवला तर म्हणाली, ‘त्यातले तुझे किती?’ तो मुद्दा वेगळा.

ठेकेदाराला बोलावलं. त्याचं एकच पालुपद: फरशीआधी ४८ तास पाणी भरून ठेवलं होतं, खाली थेंब उतरला नाही. बरोबर आहे. पाणी खालच्या छताला जात नाही आणि ट्रॅपलाही जात नाही, जिथल्या तिथे सुखाने नांदतं. ‘सुकेल की दुपारपर्यंत,’ म्हणाला. दुपारपर्यंत आई दोनदा जाते, तिच्या गुडघ्यांना विचार म्हटलं. फोन उचलणं तेव्हापासून बंद.

इथवरचं मत मागच्या महिन्यापर्यंतचं. आता थोडं गिळायचं आहे. वरच्या मजल्याच्या कामाला दुसरा फरशीवाला आला, त्याला खालचं दाखवलं. त्याने ढाळ बघितलाच नाही, आधी टाइल बघितली. ६०० बाय १२०० मिमीची. सांधे कमी, घासायला सोपं, म्हणून मीच हट्टाने घेतलेली. तो म्हणाला, एवढी मोठी टाइल एकाच बाजूला कलते. ट्रॅप मधेच असेल तर चारही बाजूंनी पाणी तिकडे यायला हवं. त्यासाठी टाइल ट्रॅपच्या दिशेने तिरकी कापून चार उतार जुळवावे लागतात, नाहीतर जमिनीला ३०० बाय ३०० ची छोटी टाइल घ्यावी लागते. मोठीच हवी असेल तर शॉवरच्या भिंतीलगत लांब पट्टीसारखा ड्रेन बसवायचा आणि सगळ्या जमिनीला तिकडे एकच उतार द्यायचा.

आणि मला आठवलं. पहिला मिस्त्री टाइल कापायला कटर घेऊन बसला होता, तेव्हा ‘कापू नका, डिझाइन तुटेल’ असं ओरडणारा मीच होतो. तरी चार मिमीचं पाप त्याचंच, ते मी माझ्या नावावर घेणार नाही.

बाकीचं भराभर सांगतो. भिंतीला टांगलेला कमोड मला नको होता, उगाच खर्च म्हणून महिनाभर वाद घातला. आज तो नसता तर त्या तळ्यात कमोडच्या बुडाभोवती काळी कड धरली असती. आता वायपर खालून आरपार जातो. हरलो. फक्त टाकी भिंतीत असेल तर फ्लशच्या पट्टीतून आत हात जातो ना, ते बसवतानाच बघा.

एक्झॉस्ट फॅनने आरसा कोरडा होईना म्हणून मोठा फॅन आणला. फरक शून्य. खिडकी बंद, दार खालपर्यंत घट्ट, हवा आत यायला वाटच नाही तर फॅन ओढणार काय? सुताराकडून दार खालून दीड सेंमी तासून घेतलं आणि जुनाच फॅन परत लावला. नवा खोक्यात पडून आहे, बघवत नाही.

पाहुण्यांच्या बाथरूममध्ये वास येत होता. ड्रेनेजच फुटलं असं धरून मी दोन रात्री झोपलो नाही. निघालं काय, तर वापर नसल्याने ट्रॅपमधलं पाणी आटलं होतं. ते दोन इंच पाणीच वास अडवतं. आता आठवड्याला एक तांब्या ओततो.

खालचं फोडायचं तर वॉटरप्रूफिंगही नव्याने करावं लागेल, म्हणून फक्त शॉवरखालचा भाग छोट्या टाइलचा करून तिथे दुसरा ट्रॅप काढता येतो का, ते विचारतोय. अजून ठरत नाही. तोवर चौथा वायपर आणलाय, स्टीलच्या दांड्याचा.

वरच्या बाथरूममध्ये फरशीखालचा माल पसरायचं काम उद्या आहे. ट्रॅप शॉवरच्या कोपऱ्यात घेतलाय, भिंतीवर उताराच्या खुणा माझ्या हाताच्या आहेत. टाइल आधी सुकीच मांडून बघायची आणि माल सुकला की बादलीभर पाणी ओतून दाखवायचं, त्याशिवाय पुढचं काम नाही, असं मिस्त्रीला सांगून ठेवलंय. तो हसला. गोटी खिशात आहे, ते त्याला अजून माहीत नाही.