डी अँड डी बियाँड: हिशेब चोख, पण नजर मोबाइलमध्ये

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या टेबलावर बसून पात्रं रंगवत खेळायच्या खेळाचं हे ॲप. कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राचा सगळा तपशील, सांभाळायला ते उत्तमच आहे. फुकट खात्यात 6 कॅरेक्टर बसतात. लेव्हल वाढली की प्रोफिशियन्सी बोनस (कसबाचे जादा गुण) आणि स्पेल स्लॉट (किती मंत्र टाकता येतील तो कोटा) आपोआप बदलतात. हल्ल्यावर बोट ठेवलं की डी 20 (20 बाजूंचा फासा) फिरतो आणि मॉडिफायर (पात्राचे अधिक-उणे गुण) मिळवूनच आकडा येतो. नव्या खेळाडूची बेरजेची धास्ती तिथेच संपते.

गोची लढाईत होते. 5 जणांच्या टेबलावर आपली पाळी यायला वेळ लागतो. स्पेल वाचायला उघडलेल्या मोबाइलवर वरून व्हॉट्सॲपची पट्टी उतरते आणि खेळाडूचं लक्ष गेलं! पाळी आली की ‘काय झालं मधे?’ हा प्रश्न ठरलेला. बिचाऱ्या डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) सगळं परत सांगावं लागतं.

म्हणून फायटर (लढवय्या), रोग (Rogue, चोरटा) वगैरे पात्रं खेळणाऱ्यांनी शीटची पीडीएफ काढून छापावी, फासे हातानेच टाकावेत. विझार्डला (जादूगाराला) मात्र पाचव्या लेव्हलनंतर टॅबलेट द्यावाच. कागदावर तेवढे स्पेल शोधणं जिकिरीचं. टॅबलेट टेबलावर आडवा, ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू. डीएमने प्रत्येक पाळीला पुढचं नावही पुकारावं: ‘आता रोग, मग विझार्ड.’ स्पेल तेवढ्यात निवडून होतो.