अमेरिकेत डिझेल एसयूव्ही : सबर्बनच्या वर्षभराच्या वापरानंतर

मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसच्या उपनगरात राहून मी जवळजवळ वर्षभर २०२३ सालची शेवरोले सबर्बन चालवत आहे. ती फोर व्हील ड्राइव्ह आहे आणि तिच्यात तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे ड्युरामॅक्स डिझेल इंजिन आहे. ती मी सेकंडहँड घेतली. घरात माणसे जास्त, उन्हाळ्यात मागे कॅम्पर (राहण्याची सोय असलेला, गाडीने ओढायचा ट्रेलर) जोडून डुलुथच्या पुढे सरोवराकाठी किंवा पश्चिमेला साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सपर्यंत जाण्याची आवड, आणि कामासाठी आठवड्यातून दोन-तीनदा लांबचा हायवे, अशी आमची गरज आहे. इथल्या अनेक मराठी मित्रांनी गाडी घेताना आणि नंतरही एकच प्रश्न विचारला : अमेरिकेत डिझेल संपल्यात जमा असताना ते घ्यायचे कशाला? या प्रश्नाला नीट उत्तर द्यावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

इंजिनाबद्दल प्रथम. २७७ हॉर्सपॉवर हा आकडा एवढ्या अवजड गाडीसाठी मोठा वाटत नाही, पण ४६० पौंड-फूट टॉर्क (चाके फिरवणारा जोर) अवघ्या १,५०० आरपीएमला मिळतो आणि रोजच्या वापरात फरक पडतो तो त्यानेच. कॅम्पर जोडून चढ चढताना पेट्रोलची गाडी दोन-तीन गिअर खाली उतरून ओरडू लागते. ही गाडी बहुधा एक गिअर खाली येते आणि त्याच वेगाने पुढे जात राहते. दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इंजिनाला शोभेसा आहे. आवाजाची तर पुण्याहून आलेल्या माझ्या वडिलांनाही कल्पना आली नाही. त्यांच्या मनातले डिझेल म्हणजे जुन्या जीपची खडखड. बंद काचांच्या आत ही डिझेल आहे हे त्यांना सांगावे लागले. बाहेर उभे राहिल्यावर मात्र थंड इंजिनाची टकटक ऐकू येते.

इंधनाचा हिशेब जरा बारकाईने मांडतो. या गाडीचे सरकारी आकडे शहरात २०, हायवेवर २६ आणि एकत्रित २२ मैल प्रति गॅलन असे आहेत. मोकळ्या गाडीने, ताशी सत्तर मैलांच्या आत वेग ठेवला, तर मला हायवेवर यापेक्षा थोडे जास्तच मिळते. ५.३ लिटर पेट्रोल इंजिनाच्या याच गाडीशी तुलना केली तर एक गॅलन सुमारे एक तृतीयांश अधिक अंतर नेतो. अठ्ठावीस गॅलनची टाकी भरली की ब्लॅक हिल्सपर्यंत वाटेत पंपावर थांबावे लागत नाही. कॅम्पर जोडला तर थांबावे लागते, कारण तेव्हा ॲव्हरेज चांगलेच घसरते; तरीही पेट्रोलच्या तशाच गाड्या चालवणाऱ्या सोबत्यांपेक्षा माझे थांबे कमी होतात.

पण गॅलनमागचे मैल म्हणजे बचत नव्हे, आणि अमेरिकेतल्या डिझेलची खरी अडचण इथे आहे. केंद्र सरकारचा कर पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट, तर डिझेलवर २४.४ सेंट आहे. युरोपातल्या बहुतेक देशांनी अनेक वर्षे डिझेलवर कमी कर ठेवला, भारतातही डिझेल दीर्घकाळ बरेच स्वस्त राहिले, आणि त्या त्या ठिकाणी लोकांनी डिझेल गाड्या घेतल्या. इथे पंपावरची पाटी नेमकी उलट असते. माझ्या हिशेबाने डिझेल पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने महाग झाले की या गाडीची बचत शून्यावर येते. २०२२ च्या शरदात डिझेल गॅलनला पाच डॉलरच्या वर होते आणि पेट्रोल चारच्या खाली. त्या काळात ही गाडी चालवणाऱ्याचा खर्च पेट्रोलवाल्यापेक्षा जास्तच झाला असणार. एरवी फरक वीस-पंचवीस टक्क्यांच्या आत असतो आणि मग थोडी बचत पदरात पडते. पर्यावरणाचा हिशेबही असाच सावधपणे करावा लागतो. एक गॅलन डिझेल जाळल्यावर पेट्रोलपेक्षा सुमारे पंधरा टक्के अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून एक तृतीयांश जास्त अंतर गेल्यावरही मैलामागची प्रत्यक्ष घट पंधरा टक्क्यांच्या आसपासच राहते. ती मला महत्त्वाची वाटते, पण ती फुगवून सांगू नये.

हिवाळा हा या भागातला कसोटीचा काळ. जानेवारीत पारा शून्य फॅरनहाइटच्या बराच खाली गेला, गाडी रात्रभर उघड्यावर होती, आणि सकाळी ग्लो प्लगचा (सुरू होण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचा) दिवा क्षणभर लागून इंजिन सुरू झाले. हीटरची ऊब यायला मात्र पेट्रोलच्या गाडीपेक्षा वेळ लागतो, कारण डिझेल इंजिन गाडी जागेवर उभी असताना फारशी उष्णता निर्माण करत नाही. थंडीत डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबण्याचा धोका असतो, म्हणून इथले पंप हिवाळ्यात पातळ, क्रमांक एकचे डिझेल मिसळून विकतात. मिनेसोटात कायद्याने एप्रिल ते सप्टेंबर वीस टक्के जैवडिझेलचे मिश्रण मिळते आणि उरलेल्या महिन्यांत पाच टक्क्यांचे. हे इंजिन दोन्ही चालवून घेते. दक्षिणेकडच्या राज्यातून टाकी भरून थेट उत्तरेच्या कडाक्यात येऊ नये, एवढे पथ्य पाळले की पुरते.

डीईएफ, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचे पाणी, ही नवी सवय लागते. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड निष्प्रभ करण्यासाठी ते एक्झॉस्टमध्ये फवारले जाते. पेटीतून घेतले तर महाग, ट्रकच्या थांब्यावरच्या पंपातून घेतले तर बरेच स्वस्त. भरताना सांडलेला थेंब वाळला की झाकणाभोवती पांढरे स्फटिक जमतात. ओल्या फडक्याने लगेच पुसावे, नाहीतर पुढच्या वेळी झाकण घट्ट बसत नाही. ट्रकच्या रांगेतला डिझेलचा नोझल जाड असल्याने आपल्या टाकीच्या तोंडात शिरत नाही, तेव्हा गाड्यांच्या बाजूचाच पंप शोधावा. आणि काही पंपांवर हिरवी मूठ पेट्रोलची असते, म्हणून रंगावर विसंबू नये, अक्षरे वाचावीत. माझी तक्रार आहे ती सर्व्हिसबद्दल. जवळच्या एका डीलरकडे डिझेल शिकलेला एकच मेकॅनिक होता आणि साध्या सेन्सरच्या कामाला दोन आठवडे गाडी अडकून पडली. या देशात डिझेल कार किती विरळ झाली आहे, हे मला तिथे नीट कळले.

आता भवितव्याबद्दल. अनेकजण २०१५ च्या सप्टेंबरकडे बोट दाखवतात. फोक्सवॅगनने चाचणीच्या वेळीच प्रदूषण आटोक्यात ठेवणारे सॉफ्टवेअर बसवल्याचे पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, तेव्हा जाहीर केले, आणि रस्त्यावर काही गाड्या मर्यादेच्या चाळीसपट ऑक्साइड सोडत असल्याचे उघड झाले. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीच्या मागे यंत्रे बांधून प्रत्यक्ष रस्त्यावर केलेल्या मोजणीतून हे प्रकरण पुढे आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या फसवणुकीने लोकांच्या श्वासाशी खेळ केला आणि प्रामाणिक डिझेलचीही पत घालवली. पण केवळ त्यामुळे किंवा कडक नियमांमुळे डिझेल संपले, हे मला पटत नाही. अमेरिकेत पेट्रोल आणि डिझेल दोघांना एकच मर्यादा आहे. युरोपात युरो ६ या प्रदूषण नियमांतही किलोमीटरमागे डिझेलला ८० मिलिग्रॅम आणि पेट्रोलला ६० अशी सवलत होती. मला अमेरिकेची पद्धत न्याय्य वाटते. फुप्फुसांना इंधनाचा भेद कळत नाही.

छोट्या कारमधले डिझेल संपवले ते हायब्रिडने, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड असलेल्या गाड्यांनी. शेवरोलेच्याच क्रूझ डिझेलचा हायवेचा आकडा मॅन्युअल गिअरबॉक्ससह ५२ होता आणि त्याचे मोठे कौतुक झाले, पण शहरात तो ३० वर यायचा. आज २०२५ ची टोयोटा कॅमरी फक्त हायब्रिडच मिळते आणि तिच्या साध्या आवृत्तीचा एकत्रित आकडाच ५१ आहे, तोही साध्या पेट्रोलवर, डीईएफशिवाय. सेडान घेणाऱ्याला मी डिझेलचा आग्रह कधीच करणार नाही. २०१९ मध्ये आलेली माझदाची सीएक्स-५ डिझेल अल्पावधीत गेली, त्याचे मला आश्चर्य वाटले नाही.

मोठ्या गाडीत मात्र गणित बदलते. टोयोटाची सिक्वोया हायब्रिड असूनही फोर व्हील ड्राइव्हमध्ये हायवेवर २२ मैलांच्या आसपास थांबते; माझी डिझेल २६ देते. हायवेच्या एकसारख्या, सलग वेगात ब्रेकमधून परत मिळवायला ऊर्जाच फारशी नसते, आणि ओझे ओढताना तर बॅटरीचा उपयोग आणखी कमी. बॅटरीवरच्या मोठ्या गाड्यांची कॅम्पर जोडल्यावर रेंज निम्म्याच्या जवळ येते आणि उत्तर मिनेसोटात चार्जर विरळ आहेत. या एका कामासाठी डिझेल आजही योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. दुःख एवढेच की पर्याय झपाट्याने कमी होत आहेत. फोर्डने एफ-१५० पिकअपमधले तीन लिटर डिझेल २०२१ नंतर थांबवले, रॅम १५०० पिकअपचे इकोडिझेल इंजिन २०२३ मध्ये संपले, कॅडिलॅकच्या एस्कलेड एसयूव्हीमधूनही डिझेल गेले. थोड्या गाड्यांसाठी वेगळ्या इंजिनाचे प्रमाणीकरण करण्याचा खर्च कंपन्यांना जड जातो. २०२५ पासून सबर्बनमध्ये ३०५ हॉर्सपॉवरचे सुधारित इंजिन आले, हा त्यातल्या त्यात दिलासा आहे.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. या इंजिनाच्या पहिल्या पिढीत ऑइल पंप चालवणारा पट्टा इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे आणि तो १,५०,००० मैलांना बदलायचा असतो. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे खर्च मोठा. १,२०,००० मैल झालेली गाडी स्वस्त दिसली तर हा खर्च किमतीत धरावा, चेसिस क्रमांकावरून प्रलंबित रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे) तपासावेत, आणि आधीच्या मालकाने ती फक्त शाळा आणि किराण्यासाठी वापरली असेल तर घेऊ नये. छोट्या फेऱ्यांत काजळीचा फिल्टर पुरेसा तापत नाही आणि साचलेली काजळी जळून जात नाही. ज्यांचा आठवडा अशाच फेऱ्यांत जातो, त्यांनी पेट्रोलचीच सबर्बन घ्यावी.