मूडल कुठे बसवायचं: सॉफ्टॅक्युलसने, शेअर्डवर हाताने, की स्वतःच्या व्हीपीएसवर?

मूडल म्हणजे ऑनलाइन वर्ग आणि परीक्षा चालवायचं मोफत सॉफ्टवेअर. ते बसवायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "आमच्या होस्टिंगवर इन्स्टॉल होईल ना?" होतं. पीएचपी ही भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस देणाऱ्या, सीपॅनल या कंट्रोल पॅनलच्या बहुतेक होस्टिंगवर ते रखडत का होईना, बसतं. आधी विचारायला हवं ते वेगळंच: रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला एकाच वेळी किती मुलं 'अटेम्प्ट क्विझ' दाबणार? क्लास, ज्युनिअर कॉलेज किंवा संस्थेसाठी मूडल घेताना निर्णय या आकड्यावर ठरतो.

रस्ते तीन. सीपॅनलमधल्या सॉफ्टॅक्युलस या इन्स्टॉलरने एका क्लिकवर, त्याच शेअर्ड होस्टिंगवर (अनेक ग्राहकांचा एकच सर्व्हर) सगळं हाताने, किंवा व्हीपीएस, म्हणजे पूर्ण ताबा मिळणारा स्वतःचा आभासी सर्व्हर, घेऊन. पण आधी आवृत्ती पाहू, कारण अर्ध्या अडचणी तिथूनच येतात.

कोणती आवृत्ती

४.५ ही ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली दीर्घकालीन आवृत्ती. तिला पीएचपी ८.१ ते ८.३ चालतं, डेटाबेस किमान मारियाडीबी १०.६.७ किंवा मायएसक्यूएल ८.० लागतो आणि सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळणार आहेत. एप्रिल २०२५ च्या ५.० ला किमान पीएचपी ८.२ हवं आणि डेटाबेस मारियाडीबी १०.११ किंवा मायएसक्यूएल ८.४.

मेख डेटाबेसमध्ये आहे. शेअर्ड होस्टिंगवर पीएचपीची आवृत्ती दोन क्लिकमध्ये बदलता येते, डेटाबेसची नाही. तो सगळ्या भाडेकरूंचा एकच असतो. पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडा, पहिल्याच पानावर उजवीकडे 'डेटाबेस सर्व्हर'च्या चौकटीत आवृत्ती दिसते. तिथे १०.६ असेल तर ५.० चा विषय संपला. सपोर्टशी वाद घालत बसू नका, ४.५ घ्या.

ऑक्टोबर २०२५ च्या ५.१ ने आणखी एक बदल केला. वेबवर दिसायची पानं आता 'पब्लिक' नावाच्या आतल्या फोल्डरात आहेत आणि डोमेन थेट त्या फोल्डराकडे वळवावं लागतं. सीपॅनलवर मुख्य डोमेनचं फोल्डर 'पब्लिक एचटीएमएल' असं ठरलेलं असतं, ते तुम्हाला हलवता येत नाही. सबडोमेनचं मात्र येतं. म्हणून शेअर्डवर ५.१ बसवायचंच असेल तर 'शिका' किंवा 'परीक्षा' असं सबडोमेन काढा आणि त्याचं डॉक्युमेंट रूट मूडलच्या 'पब्लिक' फोल्डरावर ठेवा. सगळा कोड मुख्य डोमेनखाली टाकून एचटीअ‍ॅक्सेसने वळवण्याचे जुगाड आज चालतात आणि पुढच्या अपग्रेडला आडवे येतात.

तिन्ही रस्ते शेजारी शेजारी

| | सॉफ्टॅक्युलस | शेअर्डवर हाताने | व्हीपीएस |
|---|---|---|---|
| बसवायला वेळ | दहा मिनिटं | एक संध्याकाळ | एक-दोन दिवस, सवय नसेल तर जास्त |
| आवृत्ती कोण ठरवतं | त्यांची यादी | तुम्ही, पण डेटाबेस त्यांचा | तुम्ही |
| क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम) दर मिनिटाला | होस्टच्या मर्जीवर | होस्टच्या मर्जीवर | हो |
| एकाच वेळी परीक्षा | २०-२५ मुलांपर्यंत निभावतं | तेवढंच | मेमरी असेल तितकं |
| बिघडलं तर | सपोर्टचं तिकीट | तिकीट, पण दोष कुठे ते तुम्हाला कळतं | तुम्हीच |

पहिल्या दोन रकान्यांत परीक्षेच्या क्षमतेचा फरक नाही, हे लक्षात घ्या. हाताने बसवल्याने सर्व्हर मोठा होत नाही. फक्त आत काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं.

सॉफ्टॅक्युलस

डेटाबेस काढणं, युजर जोडणं, कॉन्फिग फाइल लिहिणं, मूडलडेटा फोल्डर वेबच्या बाहेर ठेवणं ही कामं ते बिनचूक करतं. चुका होतात त्या फॉर्म भरणाऱ्याकडून. पहिल्याच चौकटीत एचटीटीपी की एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट की शिवाय, ते विचारलेलं असतं. तिथे जे निवडाल ते मूडलच्या कॉन्फिगमध्ये कायमचा पत्ता म्हणून लिहिलं जातं. घाईत एचटीटीपी राहिलं तर साइट उघडते, पण रंगरूप गायब, नुसत्या निळ्या लिंकांची यादी. 'इन डिरेक्टरी'च्या चौकटीत आधीच काही लिहिलेलं असेल तर पुसा, नाहीतर मुलांना कायम डोमेनपुढे आणखी एक शब्द टाइप करावा लागेल.

ऑटो अपग्रेड बंद ठेवा. नवी मोठी आवृत्ती आपोआप चढली आणि तुमचा एखादा प्लगइन तिच्याशी जुळला नाही, तर ते परीक्षेच्या आदल्या रात्री कळतं. क्रॉन लागला आहे का, हेही सीपॅनलच्या 'क्रॉन जॉब्स'मध्ये जाऊन स्वतः पाहा.

शेअर्डवर हाताने: कुठे अडतं आणि का

मूडलच्या कोडमध्ये वीस हजारांच्या वर फाइली आहेत. त्या एफटीपीने एकेक चढवू नका. तासन्‌तास जातात आणि मधल्या चार फाइली गळतात, मग कुठली गळली ते शोधणं नशिबी येतं. झिप चढवा आणि फाइल मॅनेजरमध्येच 'एक्स्ट्रॅक्ट' करा. प्लॅनमधली आयनोड मर्यादाही (किती फाइली ठेवता येतात) आधी बघा. डिस्क अर्धी रिकामी असताना 'कोटा संपला' असं येतं ते यामुळेच.

मूडलडेटा हे फोल्डर 'पब्लिक एचटीएमएल'च्या शेजारी ठेवा, आत नाही. त्यात मुलांनी चढवलेल्या उत्तरपत्रिका असतात. परवानगीचा प्रश्न आला की इंटरनेटवर ७७७ करायचा सल्ला मिळतो. शेअर्डवर पीएचपी तुमच्याच युजरने चालतं, त्यामुळे फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ पुरतं. काही सर्व्हर तर ७७७ दिसताच ५०० ची एरर देतात.

डेटाबेस जोडला जात नाही तेव्हा बहुतेक वेळा दोनांपैकी एक कारण असतं. सीपॅनल नावापुढे तुमच्या खात्याचं नाव आणि अंडरस्कोर लावतं, ते डेटाबेस आणि युजर दोन्हींच्या नावांत लिहावं लागतं. नाहीतर युजर काढलेला असतो, पण त्याला त्या डेटाबेसवर 'ऑल प्रिव्हिलेजेस' दिलेले नसतात. सर्व्हर मारियाडीबीचा असेल तर ड्रायव्हरही मारियाडीबीचाच निवडा, 'मायएसक्यूएलआय' नको.

मग येतं लाल ओळींचं पान. इंटल, सोडियम, झिप, जीडी ही एक्स्टेन्शन्स 'सिलेक्ट पीएचपी व्हर्जन'मध्ये टिक करून सुटतात. डोकं खातं ते 'मॅक्स इनपुट व्हार्स', म्हणजे एका फॉर्ममधून किती मूल्यं घ्यायची ती मर्यादा. मूडलला किमान ५००० हवेत, पीएचपीत मूळचे १०००. बदलायच्या जागा तीन: सिलेक्टर, मल्टीपीएचपी आयएनआय एडिटर आणि डॉट युजर डॉट आयएनआय फाइल. तुमच्या होस्टवर कोणती लागू आहे ते पीएचपीइन्फोचं पान काढून बघा, अंदाजाने तिन्हीकडे लिहू नका. युजर आयएनआय फाइल पीएचपी ३०० सेकंद जपून ठेवतं. म्हणजे बदल बरोबर करूनही पाच मिनिटं जुनाच आकडा दिसतो. लोक त्या पाच मिनिटांत आणखी चार बदल करतात आणि मग काय लागलं, काय नाही, कुणालाच कळत नाही. चहा घेऊन या.

ब्राउझरमधून इन्स्टॉल करताना टेबलं तयार होत असताना पान मध्येच थांबणं, हा शेअर्डचा हुकमी बिघाड. मूडल चारशेच्या वर टेबलं बनवतं आणि होस्टची वेळमर्यादा आधी संपते. पान पुन्हा उघडलं की मूडल एरर देतं आणि पुढे जाऊ देत नाही. अर्धवट टेबलं तशीच ठेवून पुढे ढकलू नका. डेटाबेस पूर्ण रिकामा करा आणि एसएसएच (सर्व्हरवर दुरून कमांड देण्याची सोय) असेल तर कमांड लाइनवरून बसवा, तिथे वेबची वेळमर्यादा आड येत नाही. एक मात्र ध्यानात असू द्या: कमांड लाइनचं पीएचपी युजर आयएनआय वाचतच नाही, आणि त्याची आवृत्तीही वेबपेक्षा वेगळी असू शकते. म्हणून ईए-पीएचपी८२ असा नेमका प्रोग्राम वापरा आणि 'मॅक्स इनपुट व्हार्स' ५००० आहे हे उणे डी लावून त्याच ओळीत सांगा.

बसलं, पण पान बिनरंगाचं? पत्ता एचटीटीपीएसचाच आहे ना ते बघा. तो बरोबर असेल तर दोष स्लॅश आर्ग्युमेंट्सचा. मूडल स्टाइलची फाइल मागताना पीएचपी फाइलच्या नावापुढे आणखी मार्ग जोडतं, आणि सर्व्हर तो पुढचा भाग पोचू देत नसेल तर ४०४ येतं. पान सारखं स्वतःकडेच फिरत असेल आणि साइटपुढे क्लाउडफ्लेअर ही मधली सेवा असेल, तर कॉन्फिगमध्ये 'एसएसएल प्रॉक्सी' चालू करावं लागतं. प्रश्न सेव्ह करताना ४०३ किंवा ४०६ आलं तर तो मॉड सिक्युरिटी या सर्व्हरच्या सुरक्षा-चाळणीचा पहारा. त्या नियमाचा क्रमांक एरर लॉगमधून काढून सपोर्टला द्या. नुसतं 'सेव्ह होत नाही' लिहिलंत तर उत्तरात 'कॅशे क्लिअर करा' येईल.

क्रॉन हे शेअर्डचं खरं दुखणं. मूडलला तो दर मिनिटाला हवा, कित्येक होस्ट पाच किंवा पंधरा मिनिटांखाली देत नाहीत. पासवर्डचे मेल उशिरा जाणं खपतं. पण वेळ संपल्यावर उघडे राहिलेले पेपर आपोआप जमा करण्याचं काम क्रॉनच करतो. ज्या मुलाचा ब्राउझर बंद पडला, त्याचा पेपर तोवर 'चालू' दिसतो आणि पालकांचा फोन येतो. उलट, दर मिनिटाची मुभा असेल तर 'कीप अलाइव्ह' शून्य करा. नाहीतर क्रॉन मूळ सेटिंगनुसार तीन मिनिटं जागा राहतो आणि एकावर एक प्रोसेस चढत जातात.

वीस-पंचवीस मुलांचा आकडा कुठून आला

क्लाउडलिनक्स या शेअर्ड होस्टिंगसाठीच्या सर्व्हर-प्रणालीवरच्या खात्याला मूळ सेटिंगमध्ये एक कोअर, १ जीबी मेमरी आणि २० एंट्री प्रोसेस मिळतात. होस्ट हे आकडे प्लॅनप्रमाणे बदलतात. एंट्री प्रोसेस म्हणजे त्या क्षणी पीएचपीकडे काम करत असलेल्या विनंत्या. एकविसावी आली की ५०८, 'रिसोर्स लिमिट इज रीच्ड'. सीपीयू संपला तर एररही येत नाही, साइट नुसती रांगते, आणि रांगणारी विनंती जागा अडवून बसते. म्हणून साठ मुलांनी एकदम पेपर उघडला की पहिली काही आत जातात, बाकीची रिफ्रेश मारत राहतात आणि प्रत्येक रिफ्रेश रांगेत भर घालतो.

शेअर्डवरच राहायचं असेल तर दोन उपाय खरोखर लागू पडतात. एका पानावर एक प्रश्न ही मूळ मांडणी बदलून दहा प्रश्न ठेवा. पन्नास प्रश्नांच्या पेपरला मुलामागे पन्नासऐवजी पाच पानं लागतात. क्विझ दर मिनिटाला उत्तरं आपोआप जपतं, ते राहू द्या. शंभर मुलं सलग उत्तरं लिहीत असली तरी सेकंदाला जेमतेम दोन विनंत्या होतात. खरी गर्दी सुरुवातीला आणि शेवटी असते, तेव्हा तुकड्या पंधरा मिनिटांच्या फरकाने बसवा.

व्हीपीएस

२ कोअर आणि ४ जीबीपासून सुरुवात करा. मूडलवाल्यांचा जुना ढोबळ हिशेब १ जीबीला एकाच वेळी १० ते २० वापरकर्ते असा आहे. उबंटू २४.०४ वर पीएचपी ८.३ आणि मारियाडीबी १०.११ थेट मिळतात, दोन्ही ५.० ला चालतात. तिथला मायएसक्यूएल मात्र ८.० चा आहे, तो चालत नाही. म्हणून मारियाडीबीच घ्या.

व्हीपीएस घेतला म्हणजे सुटलो, असं मात्र समजू नका. उबंटूवर पीएचपी-एफपीएमचे (पीएचपी चालवणारा भाग) 'मॅक्स चिल्ड्रन', म्हणजे एकावेळच्या प्रोसेस, मूळचे ५ असतात. म्हणजे न हात लावलेला व्हीपीएस एका वेळी पाचच विनंत्या हाताळतो, तुमच्या जुन्या शेअर्ड खात्यापेक्षाही कमी! एका प्रोसेसला ६० ते १०० एमबी धरून ४ जीबीत वीस-पंचवीस बसतात. मारियाडीबीचा बफर पूल (डेटा मेमरीत ठेवायची जागा) १२८ एमबीवरून १ जीबीवर न्या. 'मॅक्स इनपुट व्हार्स' इथेही दोन आयएनआय फाइलींत बदला, वेबच्या आणि कमांड लाइनच्या. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर वापरत असाल तर स्लॅश आर्ग्युमेंट्सची ओळ विसरू नका.

मेलसाठी बाहेरची एसएमटीपी सेवा लागेल, कारण अनेक कंपन्या २५ क्रमांकाचा पोर्ट बंदच ठेवतात. आणि बॅकअप, सुरक्षा अपडेट, सर्टिफिकेट, भरलेली डिस्क हे सगळं तुमच्या गळ्यात. दर आठवड्याला तासभर देणारा माणूस नसेल तर हा रस्ता धरू नका. व्यवस्थापित व्हीपीएसला जास्तीचे पैसे मोजा.

मग काय घ्यावं

वर्गाला साहित्य द्यायचं, गृहपाठ घ्यायचा, छोट्या चाचण्या: सॉफ्टॅक्युलसने ४.५, आणि विषय बंद. प्लगइन लावायचे आहेत, मराठी भाषा-पॅकमधले उरलेले इंग्रजी शब्द स्वतः बदलायचे आहेत, पण एकावेळी गर्दी नाही: शेअर्डवर हाताने, एसएसएच देणाऱ्याच प्लॅनवर. चाळीसच्या वर मुलं एका ठोक्याला परीक्षेला बसणार असतील तर पहिल्या दिवसापासून व्हीपीएस. मधल्या आकड्यांत असाल तर शेअर्डवर सुरू करा. हलवणं अवघड नाही: डेटाबेसचा डंप, मूडलडेटा, कोड, कॉन्फिगमधले मार्ग, शेवटी 'पर्ज कॅशेस'. सबडोमेन तेच ठेवलं तर मुलांना कळतही नाही.

पैसे भरण्याआधी होस्टला चार गोष्टी लेखी विचारा: एंट्री प्रोसेस किती, क्रॉन कमीत कमी किती मिनिटांनी, मारियाडीबीची आवृत्ती कोणती, एसएसएच आहे का. पहिल्याला 'अनलिमिटेड' असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. त्यांनी डिस्कबद्दल सांगितलेलं असतं.