स्टर्मी-आर्चरच्या एक्सलपायी १२१ पौंड गेले, जुन्या हबवाल्यांनो सावध

सायकलच्या जुन्या तीन गिअरच्या हबचे, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या, पोटात गिअर असलेल्या भागाचे पार्ट ऑनलाइन शोधताय? मग पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. लिहायची लाज वाटतेय, पण मला फसवणारा माणूस अजून जाहिराती टाकतोय म्हणून लिहितोय.

माझा हब स्टर्मी-आर्चर या ब्रिटिश कंपनीचा एडब्ल्यू मॉडेल, शेलवर (बाहेरच्या कवचावर) ५८ सालचा शिक्का. एक्सल आणि डावा कोन (बेअरिंगच्या गोळ्या ज्यावर फिरतात तो नट) हवा होता. या हबमध्ये एक्सल म्हणजे नुसता दांडा नसतो, सन गिअर (मधलं दातेरी चक्र) त्याच्याच अंगावर असतो, त्याचे दात गेले की अख्खा एक्सल बदलायचा, दुसरा इलाज नाही. नॉटिंगहॅमचा कारखाना २००० साली बंद झाला, नाव तैवानच्या सनरेसकडे गेलं, नवीन तीन गिअरचे हब येतात पण आतली रचना बदललीय, त्यामुळे जुन्याला सगळं बसेलच असं नाही. म्हणून तर आपण "जुना न वापरलेला स्टॉक" असं दिसलं की धावतो, आणि हे फसवणाऱ्यांना बरोबर माहीत असतं.

इंग्लंडमधला विक्रेता. एक्सल, दोन कोन, पॉल (आतले छोटे खटके) आणि त्यांच्या स्प्रिंगा, पोस्टेजसकट ८६ पौंड. फुकटात देतोय असं अजिबात नव्हतं, उलट थोडं महागच, मग संशय कशाला येईल?

आणि मी न विचारता पैसे पाठवले असंही नाही. एक्सलचं माप विचारलं होतं, आटे विचारले होते. स्टर्मीचा एक्सल १३/३२ इंच, इंचाला २६ आटे, हे हब एकदा उघडलेल्या कुणालाही पाठ असतं. त्याचं उत्तर आलं "१० बाय १". तिथेच सगळं संपायला हवं होतं!! १० बाय १, म्हणजे १० मिमी जाडी आणि १ मिमीवर एक आटा, हे साध्या मिलिमीटरवाल्या मागच्या हबचं माप, स्टर्मीचं नाहीच. पण आता हिशोब बघा, १३/३२ इंच म्हणजे १०.३ मिमी आणि २६ आट्यांचं पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, येतं ०.९७७ मिमी, म्हणजे पट्टी लावून वरवर मोजणारा १० बाय १ च म्हणणार ना? मला वाटलं जुन्या दुकानाचा माल विकणारा साधा माणूस असेल, त्याला काय आट्यांचं कळतंय. लांबी विचारली, पावणेसहा इंच की सव्वासहा, तर म्हणे "स्टँडर्ड". अहो त्याच्या हातात एक्सल नव्हताच, फोटो उचललेला आणि माप कुठूनतरी बघून सांगितलेलं. अजूनही ते "१० बाय १" आठवलं की डोकं तापतं.

पेमेंट "ओळखीच्या माणसाला" या पर्यायातून करा म्हणाला, फी वाचते म्हणे. हा पर्याय जो कोणी मागेल त्याला तिथेच ब्लॉक करा. मग पार्सल कस्टममध्ये अडकलंय म्हणून अजून ३१ पौंड, ट्रॅकिंगवर खरंच पार्सल हलताना दिसत होतं म्हणून तेही भरले. कस्टमचे पैसे विक्रेत्याला द्यायचेच नसतात, लक्षात ठेवा. वर बँकेचं कमिशन ४ पौंड. ८६, ३१ आणि ४, झाले १२१. शेवटी ट्रॅकिंगवर आलं "डिलिव्हर्ड", माझ्याच शहरात, पण पत्ता भलताच, सही भलत्याच माणसाची.

आता खरा संताप. पेमेंट कंपनी म्हणते त्या पर्यायाला संरक्षण नाही, आणि ट्रॅकिंगवर डिलिव्हरी दिसतेय, केस बंद. बँक म्हणते ओटीपी तुम्हीच टाकला. पोलिसांकडे गेलो तर पहिला प्रश्न "सायकलच्या पार्टला एवढे पैसे?", म्हणजे चोर राहिला बाजूला, माझ्या आवडीचीच चौकशी. विक्रेता परदेशात, आम्ही काय करणार, ऑनलाइन तक्रार टाका. टाकली. नंबर मिळाला. त्या नंबरचं पुढे काय होतं हे सांगणारा एकही माणूस कुठल्याही खिडकीवर नाही, फोन केला की बँकेत विचारा, बँकेत गेलं की पोलिसांचं पत्र आणा, पत्र मागितलं की ऑनलाइन बघा. पत्ता भलताच होता याचा पुरावा मी कुरिअरकडून लेखी आणला, तो उघडूनसुद्धा कोणी बघितला नाही!

सुटे पार्ट घेण्यापेक्षा खराब चाकातला अख्खा एडब्ल्यू हब घ्या आणि खोला, वेगवेगळ्या सालातले बरेचसे पार्ट एकमेकांना चालतात. फोटो मागाल तर आट्यांवर गेज (आटे मोजायची पट्टी) लावलेला मागा, चिठ्ठीवर तारीख लिहून ठेवलेला फोटो चालत नाही, चिठ्ठी चिकटवता येते. एडब्ल्यू १९३६ मध्ये आला, त्याआधीचा म्हणून कोणी विकत असेल तर बोलूच नका. आणि दुसऱ्यांदा पैसे मागितले की पहिले गेले समजा, अजून टाकू नका.

तीच जाहिरात, तोच फोटो, आता वेगळ्या नावाने चालू आहे. मी रिपोर्ट केली. उत्तर आलं की तपासलं, नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.